छोट्या देशाची वंशभेदविरोधी भूमिका कशी अभ्यासावी: खानदेशातील अभ्यासमंडळांसाठी

अभिरूप संयुक्त राष्ट्र सभेत, म्हणजे विद्यार्थी निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन चर्चा करतात त्या सभेत, एखाद्या छोट्या देशाची बाजू मांडण्याचे काम वाट्याला आले की आपल्याकडचे विद्यार्थी बहुधा हिरमुसतात. दक्षिण आफ्रिका किंवा अमेरिका मिळाली असती तर बोलायला भरपूर असते, असे त्यांना वाटते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अभ्यासमंडळांबरोबर काम करताना मला नेमका उलटा अनुभव आला आहे. छोट्या देशाचा कायदा आटोपशीर असतो, अहवाल दोन बैठकांत वाचून होतो आणि बोलणे व वागणे यांतील अंतर लवकर हाती लागते. म्हणून येथे लिश्टनस्टाइन हे उदाहरण घेतो. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामधल्या या देशाचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस किलोमीटर असून लोकसंख्या सुमारे ४० हजार, म्हणजे आपल्या अमळनेर शहराच्या निम्म्याहूनही कमी आहे.

देशाकडे वळण्याआधी वंशभेदविरोधी कराराचा मूळ मजकूर वाचावा. सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाच्या उच्चाटनाचा आंतरराष्ट्रीय करार २१ डिसेंबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारला आणि ४ जानेवारी १९६९ पासून तो अमलात आला. त्याच्या पहिल्या अनुच्छेदात भेदभावाचे आधार दिले आहेत: वंश, वर्ण, कुळपरंपरा आणि राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ. यातील ‘कुळपरंपरा’ या शब्दावर भारतीय विद्यार्थ्याने थांबलेच पाहिजे. करारावर देखरेख ठेवणाऱ्या अठरा सदस्यांच्या समितीने २००२ मधील आपल्या २९व्या सर्वसाधारण शिफारशीत या शब्दात जातीवरून होणारा भेदभावही येतो असे म्हटले आहे, तर जात ही या कराराच्या कक्षेत येत नाही अशी भारत सरकारची भूमिका राहिली आहे. तुम्ही लिश्टनस्टाइनच्या वतीने उभे असलात तरी सभागृहातील कोणीतरी हा प्रश्न विचारणारच, त्यामुळे दोन्ही बाजू आधीच समजून घ्याव्यात.

यानंतर देश करारात केव्हा आणि कोणत्या अटींवर सामील झाला ते पाहावे. येथे भाषांतराचा एक सापळा आहे. करार स्वीकारताना एखादे कलम आपल्याला लागू नाही असे देश जाहीर करतो, त्याचा मराठीत सर्रास ‘आरक्षण’ असा अनुवाद होतो. आपल्याकडे आरक्षण म्हणजे शिक्षणातील व नोकरीतील राखीव जागा. त्यामुळे ‘भारताने २२व्या अनुच्छेदावर आरक्षण ठेवले’ हे वाक्य ऐकणाऱ्याला भलत्याच दिशेने नेते. त्याऐवजी ‘अपवादाची अट’ असे लिहावे. लिश्टनस्टाइन २००० मध्ये करारात सामील झाला आणि पुढे २००४ मध्ये त्याने चौदाव्या अनुच्छेदाखालील घोषणाही केली. ही घोषणा करणाऱ्या देशातील माणूस, देशांतर्गत दाद मागण्याचे सर्व मार्ग संपल्यानंतर, स्वतः समितीकडे तक्रार नेऊ शकतो. भारताने ही घोषणा केलेली नाही, म्हणून धडगावच्या किंवा यावलच्या माणसाला तो दरवाजा बंद आहे. छोट्या देशाने जे स्वतःहून मान्य केले ते मोठ्या देशाने केले नाही, एवढी एक नोंदही भाषणाला वजन देते.

मग दंडसंहिता उघडावी. लिश्टनस्टाइनच्या दंडसंहितेतील कलम २८३ वंशाच्या आधारावर जाहीरपणे द्वेष चिथावण्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगते, आणि सर्वांसाठी असलेली सेवा केवळ याच कारणासाठी एखाद्याला नाकारणे हाही त्यात गुन्हा आहे. पुढील दुरुस्तीने या आधारांत भाषेसारखे आधारही आले. अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसले जाते, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना भाषेच्या उल्लेखाचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

कायदा सापडला म्हणून येथे थांबू नये. त्याखाली किती तक्रारी आल्या, हा पुढचा प्रश्न आहे, आणि आकडा कमी दिसला की ‘येथे भेदभाव नाही’ असे लिहून टाकण्याचा मोह मला सर्वांत घातक वाटतो. समितीने २००५ मधील ३१व्या सर्वसाधारण शिफारशीत स्पष्ट केले आहे की तक्रारींचा अभाव ही आपोआप चांगली बाब ठरत नाही. लोकांना हक्क ठाऊक नसतील, बदल्याची भीती असेल किंवा पोलिसांवर विश्वास नसेल तरीही नोंदवही कोरीच राहते. माझ्या ओळखीच्या एका आदिवासी विद्यार्थ्याला जिल्ह्याच्या गावी खोली देण्याचे ठरले होते, पण आडनाव सांगताच ‘खोली कालच गेली’ असे उत्तर मिळाले. त्याने तक्रार केली नाही, कारण परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि त्याला आधी छप्पर हवे होते. ती घटना कोणत्याही तक्त्यात नाही.

देशाचा खरा स्वभाव बहुधा भेदभाव हा शब्दही नसलेल्या कायद्यात दिसतो. लिश्टनस्टाइनच्या रहिवाशांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक परदेशी नागरिक आहेत. नागरिकत्वाचा एक मार्ग तीस वर्षांच्या वास्तव्यानंतर खुला होतो, त्यात वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतची वर्षे दुप्पट धरतात. दुसरा मार्ग दहा वर्षांनंतरचा आहे, परंतु त्यासाठी त्या गावाच्या नागरिकांनी अर्जदाराच्या बाजूने मतदान करावे लागते. शेजाऱ्यांनी मत देऊन एखाद्याला आपले मानायचे की नाही हे ठरवणे वरवर लोकशाहीचे वाटते. पण मत देणाऱ्याला कारण सांगावे लागत नाही, त्यामुळे अर्जदार नाकारला गेला तो त्याच्या वर्तनामुळे की त्याच्या मूळ देशामुळे, हे कधीच कळत नाही. युरोप परिषदेच्या वंशवादविरोधी आयोगाने या पद्धतीवर आक्षेप घेतलेला आहे. भूमिका मांडताना हा मुद्दा लपवू नये. प्रतिनिधीने तो मान्य करून आपला देश त्यावर काय करणार हे सांगितले, तर बाकीचे भाषणही विश्वासार्ह ठरते.

कागदपत्रे वाचण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी समितीची निष्कर्षात्मक निरीक्षणे (देशाचा अहवाल तपासून समितीने शेवटी नोंदवलेली मते), मग सरकारचा अहवाल आणि शेवटी स्वयंसेवी संस्थांचे पर्यायी अहवाल वाचावेत. सरकारच्या अहवालाने सुरुवात केली की त्याचीच भाषा आपल्या लेखणीत उतरते. ही कागदपत्रे मानवाधिकार उच्चायुक्तालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

हाच क्रम मग आपल्या जिल्ह्याला लावून पाहावा, कारण त्याशिवाय हा अभ्यास परक्या देशाची उणीदुणी काढण्यापुरता उरतो. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी आणि तडवी कुटुंबांतील कितीतरी माणसे दरवर्षी ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातेत जातात. येथे कलम २८३ च्या जागी १९८९ चा अनुसूचित जाती-जमातींसाठीचा अत्याचार प्रतिबंधक कायदा ठेवावा. त्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा झाली पाहिजे. गेल्या दोन वर्षांतील बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्तांच्या प्रती माहिती अधिकाराखाली मागाव्यात. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, एका अर्जात एकच विषय ठेवावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसवावा, कारण राज्याच्या नियमांत तशी मर्यादा आहे. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. न आल्यास त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे. बैठका खरोखर झाल्या का, त्यांत किती प्रकरणे आली आणि कोणत्या तालुक्याचे नाव एकदाही आले नाही, हे तीन रकाने एका कागदावर काढावेत आणि तो कागद लिश्टनस्टाइनच्या फाईलमध्येच लावावा.