पुढचा फिक्स्ड ब्लेड घेताना या चुका टाळा

सहावा फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न मिटणाऱ्या पात्याचा चाकू, घरी आला तेव्हा आई पोहे निवडत बसली होती. मी खोकं उघडलं, तिने एक नजर टाकली. "अरे, हा आहे की तुझ्याकडे!" मी स्टील वेगळं, मूठ वेगळी असं सांगायला लागलो, तोवर ती परत पोह्यांत.

रात्री सगळे चाकू जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने गिरवले. सहांतल्या चार आकृत्या एकमेकींवर चपखल बसल्या. तेच 4 इंची पातं, टोकाकडे तशीच उतरती पाठ, जाडीही 4-5 मिलिमीटरच. म्हणजे एकच चाकू मी चारदा घेतला होता! नवा घेण्याआधी हा कागद एकदा करून बघाच. पुढचा चाकू कागदावरच्या रिकाम्या जागेत बसणारा हवा.

माझ्याकडे रिकामी होती ती पातळ पात्याची जागा. जाड पातं हातात घेतलं की दणकट वाटतं, आणि आपण फसतो. 5 मिलिमीटरच्या चाकूने गाजर कापून बघा. कापलं जात नाही, निम्म्यात जाऊन कडकन फुटतं. स्वीडनच्या मोरा कंपनीचा साधा कम्पॅनियन जेमतेम 2.5 मिलिमीटर जाड असतो, आणि लाकूड सोलायला माझ्या महागड्या चौघांपेक्षा सरस. धार बसत नाही म्हणून दगडाला दोष देण्याआधी धारेच्या मागची जाडी बघा. बहुतेक वेळा रोग तिथेच असतो.

स्टीलच्या नावावर मात्र लोक रात्र रात्र वाद घालतात. 1095 हे कार्बन स्टील, त्यात 0.95 टक्क्यांच्या आसपास कार्बन. धार लावायला सोपं, गंजायलाही तितकंच सोपं. डी2 मध्ये सुमारे 12 टक्के क्रोमियम असतं, तरी ते पुरतं स्टेनलेस नाही. पण तेच स्टील वाईट पाणी दिलेलं, म्हणजे तापवून नीट कडक न केलेलं, असेल तर नावाचा काय उपयोग?

'दमास्कस', म्हणजे थराथरांचं नक्षीदार स्टील, स्वस्तात मिळालं तर पात्याची पाठ बघा. खरे थर पाठीवरूनही ओळीने गेलेले दिसतात. नक्षी नुसती दोन्ही गालांवर असेल आणि पाठ कोरी, तर ती ॲसिडची किंवा लेसरची रांगोळी. (माझ्याकडे आहे एक. विचारू नका.)

लांबीच्या मोहात पडलात तर आधी कायदा बघा. आर्म्स रूल्सच्या, म्हणजे केंद्राच्या शस्त्र नियमांच्या, यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळून. आपल्या मध्य प्रदेशात त्याहून कडक आहे. 1974 च्या अधिसूचनेनुसार सार्वजनिक जागी मर्यादा 6 इंच लांबी आणि 2 इंच रुंदी. का-बार या अमेरिकन कंपनीचं नावाजलेलं पातं 7 इंचांचं आहे. ते घरातल्या कपाटात शोभतं, पाताळपाणी धबधब्याच्या सहलीला नेऊ नका.

मग उरतं म्यान. ते बघून चाकू घेणारा मी अजून पाहिलेला नाही. चामड्याचं म्यान दिसतं देखणं, पण इंदूरच्या पावसाळ्यात ओल धरतं. कार्बन स्टील त्यात दोन महिने राहिलं की मुठीजवळ लाल ठिपके. निळसर करडा रंग चढला तर घाबरू नका, लाल दिसला की लगेच बारीक स्टीलवूल आणि तेल. तेल मिनरल घ्या. स्वयंपाकाचं तेल काही महिन्यांत चिकट होऊन बसतं. चाकू म्यानाबाहेर, कोरड्या सुती कापडात ठेवा.

सगळ्यात जास्त गंज मात्र मला पावसाने नाही, खंडेनवमीने दिला. ओलं हळदकुंकू, वर झेंडूचं पाणी, आणि दसऱ्यापर्यंत तसंच. 1095 च्या पात्यावर बोटाएवढा खड्डेदार डाग अजून आहे. आता मी कुंकू मुठीला लावतो, फुलं म्यानावर. आईला हे पटत नाही, तिच्या मते पूजा पात्याचीच व्हायला हवी. म्हणून पाटावर सगळ्यांच्या पुढे तो स्टेनलेस मोरा असतो, आणि कुंकू त्याला.