झाडतोडीची कामे घेताय? या चुका टाळा

मे महिना लागला की गोव्यात घरावर झुकलेले माड, आंबे, फणस पावसाआधी उतरवून घ्यायची घाई सुरू होते. कंत्राटदाराच्या गाडीत हेल्मेट, कमरपट्टा, दोर सगळे असते, तरी अपघात होतात. सामान आणले जाते. मशीन सुरू करण्याआधी माणसांशी बोलणे मात्र राहून जाते.

"समजले?" विचारून पुढे जाणे
मुकादम मराठी-कोंकणी बोलणारा, चढणारा कर्नाटकातला, खाली फांद्या ओढणारा झारखंडचा. अशा गँगमध्ये "समजले?" विचारले की सगळे मान हलवतात. त्याऐवजी प्रत्येकाला दाखवायला सांगा: फांदी कुठे पडेल, तू कुठे उभा राहशील, पळायचे कुठल्या बाजूला? दहा मिनिटे पुरतात. चेनसॉच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून "थांब", "दोर सोड", "खाली ये" यांच्या हाताच्या खुणा तेव्हाच ठरवा. खालचा माणूस फांद्या गोळा करायला मध्येच झाडाखाली शिरतो, ही सर्वांत नेहमीची चूक. वरच्याने मशीन बंद करून खूण केल्याशिवाय कोणीही आत जायचे नाही.

तार "बंद असेल" असे धरून चालणे
वीज गेली म्हणजे लाइन मेली असे नाही. शेजारच्या घरातला जनरेटर चुकीचा जोडलेला असला तर करंट उलटा तारेत येतो. ओली फांदी आणि ओला दोरही करंट वाहून नेतात. फांदी तारेपासून तीन मीटरच्या आत असेल, तर वीज खात्याच्या लाइनमनने लाइन बंद करून अर्थिंग केल्यावरच हात लावा.

माडाला आंब्यासारखे वागवणे
पट्ट्याचा दोर झावळीच्या देठाला कधीही बांधू नये. वाळलेला देठ वजनाने निसटतो. दोर खोडाभोवतीच हवा. चढण्याआधी खोड ठोकून पाहा. भोके आणि त्यातून गळणारा तपकिरी चिकट रस दिसला, तर सोंड्या भुंग्याने आतून पोखरल्याची शक्यता धरा. शेंडा वाकडा किंवा मधली कोवळी झावळी सुकलेली असेल तर त्या माडावर माणूस चढवू नका, क्रेन-बास्केट मागवा. माडाचे लाकूड बाहेरून कठीण, आतून मऊ असते, त्यामुळे पाडताना बिजागरीवर, म्हणजे खोडात न कापता राखलेल्या लाकडाच्या पट्टीवर, फार भरवसा ठेवता येत नाही. घराजवळचा माड वरून तुकड्या-तुकड्यानेच उतरवावा.

खाच न घेता सरळ कापणे
आंबा, अकेशिया पाडताना आधी पडायच्या बाजूला खोडाच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी खोल खाच घ्या. मागून काप घेताना मध्ये जाडीच्या दहाव्या भागाइतकी पट्टी राखा. ४० सेंमी खोडाला ४ सेंमी. हीच बिजागरी झाडाची दिशा धरते. ती पूर्ण कापली की झाड कुठेही वळते. फार झुकलेल्या झाडात मागचा काप चालू असतानाच खोड उभे चिरून वर उसळते आणि कापणाऱ्याच्या छातीवर येते. असे झाड नवख्याकडे देऊ नये. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात बघे नकोत. पळायची वाट मागे तिरकी, आधीच मोकळी केलेली हवी.

जाड फांदीला तीन काप: खोडापासून ३० सेंमीवर खालून एक तृतीयांश, त्याच्या थोडे बाहेर वरून पूर्ण, आणि शेवटी फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर गाठीलगत राहिलेले खुंट. पहिला काप टाळला की साल खोडापर्यंत सोलत जाते.

बोथट साखळी, एक हात
भुशाऐवजी बारीक पीठ पडू लागले की साखळी बोथट झाली. मग माणूस जोर लावतो, पात्याचे टोक अडते आणि मशीन तोंडाकडे उसळते. चेनसॉ दोन्ही हातांनीच, ब्रेक नीट काम करत असलेलीच वापरा. दोर किंवा पट्ट्यावर खरचटलेला धागा दिसला की तो दोर किंवा पट्टाच कापून टाका, नाहीतर उद्या कोणीतरी पुन्हा वापरेल.

वर अडकलेल्याला उतरवायची सोय नसणे
पट्ट्यात बेशुद्ध लटकलेल्या माणसाकडे थोडीच मिनिटे असतात. खाली दुसरा दोर, दुसरा पट्टा आणि चढता येणारा दुसरा माणूस असल्याशिवाय कोणाला वर पाठवू नका. १०८ ला फोन करणाऱ्याला वाड्याचे नाव, जवळचे देऊळ किंवा कपेल (छोटे चर्च) सकाळीच पाठ करून द्या.