ओटीपोटाच्या लांबलेल्या शस्त्रक्रियेत पोटरीवर लक्ष ठेवताना

इंदूरमध्ये भूलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना गुदाशयाच्या कर्करोगाची साडेसहा तास चाललेली एक शस्त्रक्रिया माझ्या वाट्याला आली होती. रात्री रिकव्हरीत त्या आजी म्हणाल्या, "बाळा, पोट नाही रे दुखत, पोटरी फुटतेय." पायाच्या अंगठ्याला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता आणि घोट्याजवळची नाडीही हाताला लागत होती, म्हणून मी वेदनाशामक वाढवले आणि दोन तास गमावले. वरिष्ठांनी येऊन अंगठा हळूच वर ओढला तेव्हा आजी किंचाळल्या. हा कम्पार्टमेंट सिंड्रोम होता, म्हणजे घट्ट आवरणात बंद असलेल्या स्नायूंमधला दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा तुटणे. त्याच रात्री पोटरीच्या स्नायूंवरील आवरण चिरून दाब मोकळा करावा लागला. पाय वाचला, पण पाऊल उचलण्याची ताकद पूर्ण परतली नाही. ती चूक माझी होती, आणि ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

लिथोटॉमी स्थितीत, म्हणजे रुग्णाला उताणे झोपवून पाय वर फाकवून ठेवलेल्या स्थितीत, पाय हृदयापेक्षा जितके वर जातात, तितका तिथला रक्तदाब घटतो. दर १० सेंटिमीटरला साधारण ७.५ मिलिमीटर पारा, म्हणजे दंडावर सरासरी दाब ७० असला आणि पोटरी ३० सेंटिमीटर वर असली, तर तिथे ४८ च्या आसपासच उरतो. त्यात टेबलाचे डोके खाली केले, स्टिरपचा, म्हणजे पाय वर धरणाऱ्या आधाराचा, दाब पोटरीवर पडला किंवा रक्तदाब मध्येच घसरला, की स्नायूंची उपासमार सुरू होते. दंडावरचा आकडा मात्र समाधानकारक दिसत राहतो.

ऑक्सिमीटरने माझी दिशाभूल केली असे मी पूर्वी म्हणत असे, पण ते खरे नाही. तो फक्त ठोक्याबरोबर येणाऱ्या धमनीतल्या रक्ताची संपृक्तता मोजतो, आणि ती फुप्फुसांवर अवलंबून असते. पोटरीच्या स्नायूला किती रक्त पोचले, हे त्याला कळतच नाही. त्यासाठी निअर इन्फ्रारेड तपासणीचा, म्हणजे त्वचेतून प्रकाश सोडून स्नायूतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, सेन्सर उपयोगी पडतो. त्याच्या मापनात शिरांमधल्या रक्ताचा वाटा मोठा असल्यामुळे स्नायूला पुरवठा अपुरा पडला की आकडा उतरतो. त्वचेखालची चरबी जाड असेल तर मापन बिघडते, म्हणून एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल पाहावी. सेन्सर नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंवर दोन्ही पायांना लावावा, पाय वर घेण्याआधी मूळ आकडा लिहून ठेवावा आणि मगच पुढची तुलना करावी.

पाय वर गेल्याची वेळ भूलपत्रकावर स्वतंत्र नोंदवा. चार तासांनंतर धोका ठळकपणे वाढतो, त्यामुळे दर दोन तासांनी पाय थोडा वेळ खाली घेण्याचे सर्जनशी सुरुवातीलाच ठरवून ठेवावे. शस्त्रक्रियेचा रोबोट रुग्णाला जोडल्यावर टेबल हलवणे अवघड होते, तेव्हा हे बोलणे चीर देण्याआधीच व्हायला हवे. सेन्सरचा आकडा उतरू लागला तर आधी रक्तदाब सावरा, स्टिरप तपासा, टेबल सपाट करायला सांगा, आणि हे सांगताना संकोच करू नका.

एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ नळीतून दिले जाणारे वेदनाशामक, चालू असेल तर वेदना झाकली जाते, म्हणून अशा रुग्णाच्या पोटऱ्या दर तासाला स्वतःच्या हाताने दाबून पाहाव्यात. आपल्याकडची माणसे "पाय भरून आलाय" किंवा "पोटरी दगडासारखी झालीय" एवढेच सांगतात. ते ऐकल्यावर औषध वाढवण्याआधी चादर बाजूला करा, पाय पाहा आणि अंगठा हळूच वर ओढून पाहा.