१८१२ चं अमेरिका-ब्रिटन युद्ध शिकवायचं तर सुरुवात साखरेपासून करा

मराठवाड्यातल्या वर्गात समुद्र पाहिलेली मुलं थोडीच. म्हणून नकाशाआधी मोंढा घ्या. दोन गावांचं वैर, आपण दोघांनाही माल विकतो आणि एका गावानं वेशीवरच आपली गाडी अडवली. १७९३ मध्ये ब्रिटन-फ्रान्स युद्ध पेटल्यावर तटस्थ अमेरिकेच्या जहाजांवर हीच वेळ आली.

मग फळ्यावर अमेरिकेचं बंदर बॉस्टन, कॅरिबियनमधलं फ्रेंच बेट मार्टिनिक आणि फ्रान्सचं बंदर बोर्दो या तीनच जागा मांडा. जास्त नावं टाकली की मुलं नकाशातच हरवतात.

आता चार चिठ्ठ्या. मुलांनी ब्रिटिश कप्तान होऊन निवाडा द्यायचा.

फ्रेंच मार्टिनिकची साखर अमेरिकी जहाजातून थेट बोर्दोला: जप्त. शांततेत जो व्यापार बंद होता, तो युद्धात खुला होत नाही, असा ब्रिटनचा १७५६ चा नियम.

तीच साखर बॉस्टनला उतरवून, जकात भरून पुढे नेली तर? इथं वर्ग भांडतो, भांडू द्या. आधी असं जहाज सुटायचं. १८०५ च्या एसेक्स खटल्यात न्यायालयानं म्हटलं, भरलेली जकात बहुतेक परत मिळत असेल तर प्रवास एकच. तेव्हापासून पकडापकडी वाढली.

फ्रान्सकडे निघालेलं पीठ: जून १७९३ च्या हुकमानं जहाज ब्रिटिश बंदरात, पण मालाचे पैसे मिळत.

ब्रिटनमध्ये जन्मलेला, आता अमेरिकी नागरिक झालेला खलाशी: ब्रिटिश नौदलात सक्तीनं भरतीसाठी उचलला. जन्मानं प्रजा ती कायमची प्रजा, हा ब्रिटनचा दावा. माल आणि माणूस या दोन तक्रारी वेगळ्या रंगाच्या खडूनं लिहा. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या १७९४ च्या 'जे' करारात मालाच्या भरपाईची सोय झाली, खलाशांचा प्रश्न तसाच राहिला.

हमखास चूक १८०७ च्या चेसापीक प्रकरणात होते. मुलं तिला व्यापारी जहाज समजतात. ती अमेरिकी नौदलाची युद्धनौका होती. ब्रिटिश युद्धनौका लेपर्डच्या माऱ्यात तीन जण ठार झाले, चार खलाशी नेले गेले. त्यानंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसननं स्वतःच्याच बंदरांना टाळं लावलं आणि निर्यात सुमारे १०.८ कोटी डॉलरवरून २.२ कोटींवर आली.

शेवटची पाच मिनिटं दोन तारखांना राखून ठेवा: १८ जून १८१२ ला अमेरिकेनं युद्ध पुकारलं आणि २३ जूनला लंडननं तटस्थ जहाजं अडवण्याचे हुकूम मागे घेतले. बातमी शिडाच्या जहाजानं जायची, हे मोबाइलवाल्या पिढीला मुद्दाम सांगावं लागतं.