'उचलून नेऊ की!' : कोल्हापुरात मोठी परिषद भरवताना या चुका टाळा

कोल्हापुरात कुठल्याही अधिवेशनाच्या तयारीच्या बैठकीत कुणी व्हीलचेअरवरच्या पाहुण्यांचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं. "त्यात काय? चार पोरं उभी करतो, उचलून नेतील की." मनात खोट नसते. तालमींच्या गावात ताकदीवर विश्वास असायचाच. पण सगळ्यात मोठी चूक इथेच होते आणि बाकीच्या निम्म्या चुका तिच्याच पोटातून निघतात.

आधी धोक्याचं बोलू. व्हीलचेअरचे हात टेकायचे दांडे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बऱ्याचदा निघणाऱ्या असतात. उत्साही स्वयंसेवक नेमकं तेच धरून उचलतो, दांडा हातात येतो आणि माणूस खाली. बॅटरीवरची खुर्ची तर माणसाशिवायच पन्नास किलोच्या पुढे जाऊ शकते, ती उचलायचा नादच करू नये. आणि समजा नीट वर नेलंत. मग लघवीला जायचं झालं की पुन्हा चार पोरं शोधायची. हे माहीत असल्यामुळे कित्येक जण अशा कार्यक्रमांना येताना सकाळपासून पाणी पीत नाहीत. संयोजकांना हे कधी कळत नाही, कारण कुणी सांगत नाही.

अगदीच इलाज नसेल तर कुठे धरायचं ते खुर्चीतल्या माणसालाच विचारा. ब्रेक लावा, मुख्य सांगाडाच धरा आणि 'एक, दोन, तीन' एकानेच म्हणा. पण ही अडीनडीची सोय. कार्यक्रमपत्रिका आखतानाच ती गृहीत धरायची नाही.

रॅम्प आहे, पण किती लांब?

हिशोब सोपा आहे. एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट रॅम्प, तीन पायऱ्यांना अठरा फूट. आता व्यासपीठाकडे या. मागच्यांना दिसावं म्हणून मंडपवाले चार फुटांचं स्टेज सहज उभं करतात. त्याला याच हिशोबाने अठ्ठेचाळीस फूट रॅम्प लागतो, शिवाय मध्ये दम खायला एक सपाट टप्पा. प्रत्यक्षात स्टेजला दहा फुटांची एक फळी टेकवलेली असते, साउंडचे बॉक्स चढवायला. आदल्या रात्री विचारलं की तीच दाखवतात, "हा काय रॅम्प!"

अठ्ठेचाळीस फूट जागा बहुतेक ठिकाणी नसतेच, हे खरं आहे. मग स्टेज खाली आणा. एक फुटाचं स्टेज आणि बारा फुटांचा रॅम्प कुठल्याही सभागृहात बसतो. मागच्यांना दिसायचं म्हणाल तर एवीतेवी दोन्ही बाजूंना व्हिडिओचे पडदे लावलेलेच असतात. तेही जमत नसेल तर सगळेच सत्कार स्टेजसमोर खाली घ्या. सगळेच, एकट्या व्हीलचेअरवरच्या सत्कारमूर्तीचा नव्हे. अध्यक्ष चार पायऱ्या उतरले तर अध्यक्षपदाला काही कमीपणा येत नाही.

रॅम्प तयार झाला की दोन जागा वाकून बघा. पहिली, तळाची कड. प्लायवूड जमिनीला टेकतं तिथे इंच-दीड इंचाचा उंचवटा राहतो. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात, ती तिथे अडतात आणि वर बसलेला माणूस पुढे फेकला जातो. तिथे पत्र्याची उतरती पट्टी ठोकून घ्या. दुसरी जागा म्हणजे वरचं लाल कार्पेट. सैल अंथरलेलं कार्पेट चाकाखाली गोळा होतं आणि कुबडीचं टोक त्यात अडकतं. एकतर ताणून चारी बाजूंनी ठोका, नाहीतर काढून टाका. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना धरायला दांडा आणि कडेला चाक घसरू नये म्हणून छोटी पट्टी, हे मंडपवाल्याला तोंडी सांगू नका. ऑर्डरच्या कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं आदल्या रात्री कुणाला आठवत नाही.

गेटवरच पहिली अडचण

पाहुणे रेल्वेने आले तर छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरणार, एसटीने आले तर शेजारच्याच मध्यवर्ती बसस्थानकावर, विमानाने आले तर उजळाईवाडीला. तिथून पुढे बहुतेकांची भिस्त रिक्षावर. घडीची व्हीलचेअर रिक्षात कशीबशी मावते, ठिकाणापर्यंत माणूस सुखरूप येतो आणि गेटवर सिक्युरिटी शिट्टी मारते. "रिक्षा आत नाही." त्याच वेळी मागून येणारी पांढरी गाडी सॅल्यूट घेऊन थेट पोर्चमध्ये जाते. ज्याला चालता येत नाही तो गेटवर उतरतो आणि ज्याला चालता येतं तो दारात.

शिवाजी विद्यापीठाचंच उदाहरण घ्या. परिसर ८५३ एकरांचा, चढउतारांचा. अशा ठिकाणी नोंदणी एका इमारतीत, उद्घाटन दुसऱ्या आणि जेवण तिसऱ्या ठिकाणी ठेवलं तर धडधाकट माणूसही संध्याकाळपर्यंत पाय चेपत बसतो. नकाशावर जवळ दिसणाऱ्या जागा उन्हात जवळ नसतात. त्यामुळे गेटवरच्या माणसाला लेखी सूचना द्या, की व्हीलचेअर, काठी, कुबड्या किंवा वॉकर दिसला तर रिक्षा आत सोडायची. दाराजवळच्या गाड्यांच्या जागांपैकी काही यांच्यासाठी राखून ठेवा. अशी एक जागा १२ फूट रुंद लागते, कारण गाडीचं दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावावी लागते. राखीव जागेवर आमदारांची गाडी उभी राहू नये यासाठी तिथे बोर्ड पुरत नाही, माणूस उभा करावा लागतो.

कुलूपबंद स्वच्छतागृह

एका सभागृहात दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह व्यवस्थित बांधलेलं होतं. दारावर निळं चिन्हही होतं. आत बादल्या, फरशी पुसायचे मॉप आणि मोडक्या खुर्च्यांची चळत. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला गेलेला. हे इतक्या ठिकाणी घडतं की आता नवल वाटत नाही.

आदल्या दिवशी एक खरी व्हीलचेअर घेऊन आत जा, दार लावा, वळा, बाहेर या. चाकं वळायला पाच फूट मोकळी जागा लागते. दार आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही आणि मग ओळखीचं कुणीतरी बाहेर पाठ करून उभं राहतं. मैदानावरच्या मंडपात तर आणखी गंमत. भाड्याने आणलेली फिरती स्वच्छतागृहं बहुधा ट्रॉलीवर असतात, म्हणजे सगळ्यांनाच दोन-तीन पायऱ्या. अशा वेळी शेजारच्या एखाद्या शाळेतलं किंवा कार्यालयातलं तळमजल्यावरचं स्वच्छतागृह आधी ठरवून ठेवा. त्याची किल्ली दोन माणसांकडे द्या, एकाकडे नको.

मंडप

जमिनीवर नुसती मॅटिंग टाकली की खाली मऊ माती आणि वर सुरकुत्या. चाक रुतलंच म्हणून समजा. परतीच्या पावसाची एक सर आली की काळ्या मातीत काय होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. मधली मुख्य वाट तरी प्लायवूडने कडक करून घ्या.

दुसरी गोष्ट मंडपवाल्यांच्याही लक्षात येत नाही. मंडपाचे तणावे आणि तिरके टेकू. पांढरी काठी जमिनीलगतचा अडथळा सांगते, छातीच्या किंवा कपाळाच्या उंचीवरचा सांगत नाही. काठी तिरक्या दोराखालून मोकळी जाते आणि दोर गळ्याशी येतो. रंगीत कापड बांधून दिसणाऱ्यांचं भागतं, न दिसणाऱ्यांचं नाही. तणाव्याच्या पुढ्यात जमिनीवर कुंड्यांची रांग लावा, म्हणजे काठी आधी कुंडीला लागेल. आणि कायमस्वरूपी सभागृहात फरशीवर त्या पिवळ्या उठावाच्या पट्ट्या असतात ना, त्यावर नोंदणीचं टेबल मांडू नका. ती शोभेची फरशी नाही, दृष्टिहीनांची वाट आहे.

तांबडा रस्सा मांडीवर

बुफे. व्हीलचेअर चालवायला दोन्ही हात लागतात, म्हणजे ताट मांडीवर. ताटात वाफाळता तांबडा रस्सा, शेजारी पांढरा. समोर गर्दी, मागून कुणाचा तरी धक्का. पुढचं सांगत नाही. काउंटरही इतके उंच, की बसलेल्या माणसाला भांड्यात काय आहे ते दिसत नाही.

चार-सहा टेबलं खुर्च्यांसह मांडा, काही बाजूंच्या खुर्च्या मुद्दाम काढून ठेवा आणि तिथे वाढपी फिरू द्या. टेबलाखाली गुडघे गेले पाहिजेत, जमिनीपासून साधारण सव्वादोन फूट मोकळं. दृष्टिहीन पाहुण्याला ताट वाढल्यावर कुठे काय आहे ते सांगा, डाव्या हाताला चटणी, समोर वाटीत रस्सा, गरम आहे. पंगतीत वाढणाऱ्या गावाला हे शिकवायला लागू नये.

ऐकणं राहूनच जातं

रॅम्प झाला की सगळी सोय झाली असं समजण्याची पद्धत आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना रॅम्पचा काडीचा उपयोग नाही. सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावतात, स्टेजच्या कोपऱ्यात उभा करतात आणि पहिल्याच वक्त्याच्या स्लाइडसाठी दिवे घालवतात. दुभाषी अंधारात हात हलवत राहतो. त्याच्यावर एक स्वतंत्र दिवा ठेवा आणि समोरच्या दोन रांगा राखून ठेवा. एकाच दुभाष्याकडून दिवसभराची अपेक्षा करू नका, दोघं असावेत, आलटून पालटून.

आणि ते वक्ते, "माझा आवाज खणखणीत आहे, माइक नको" म्हणणारे! त्यांच्या हातात माइक द्याच. कानाला यंत्र लावणाऱ्याला मोठ्या सभागृहात नुसता आवाज घुमल्यासारखा येतो. श्रोत्यांमधून आलेला प्रश्न सूत्रसंचालकाने माइकवर पुन्हा सांगावा. याला एक पैसा लागत नाही.

फॉर्ममधला चुकीचा प्रश्न

"आपण दिव्यांग आहात का? होय / नाही." या प्रश्नाला गुडघे दुखणारे निवृत्त मास्तर 'नाही' लिहितात आणि मग जिन्याखाली थांबतात. त्याऐवजी विचारा : जिना चढायला अडचण येते का? व्हीलचेअर सोबत आणणार की आम्ही ठेवायची? दुभाषी लागेल का? मोठ्या अक्षरातली पत्रिका हवी का? सोबत मदतनीस आहे का? उत्तरं खरी येतात, आणि अपेक्षेपेक्षा जास्त येतात.

उत्तरं आल्यावर जागेची पाहणी त्यांच्यापैकीच कुणाला तरी घेऊन करा. नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था १९८४ पासून याच शहरात आहे. अशा गावात तपासायला जाणकार माणूस मिळाला नाही, ही सबब पटत नाही.

ऐन वेळी बिघडलं तर

लिफ्ट बंद पडणं हा सगळ्यात नेहमीचा घोळ. वीज गेली की जनरेटर सुरू होतो, एसी आणि साउंड चालू राहतं, लिफ्ट मात्र अडकते, कारण ती जनरेटरवर जोडलेलीच नसते. हे बुकिंगच्या वेळीच विचारायचं. कार्यक्रमाच्या दिवशीच लिफ्ट बिघडली तर माणसं वर नेऊ नका, सत्र खाली आणा. तळमजल्यावरच्या सत्राशी हॉल बदला आणि तसं माइकवर जाहीर करा.

आग लागली तर लिफ्ट वापरायचीच नसते. मग वरच्या मजल्यावर बसवलेला व्हीलचेअरवरचा माणूस खाली कसा येणार, याचं उत्तर आधी कागदावर हवं, कुठल्या जिन्याशी थांबायचं आणि त्याच्यासोबत कोण थांबणार, नावानिशी. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळताना या शहराने बघितलं आहे, त्यामुळे 'आपल्याकडे कुठे आग लागते' हे तरी कुणी म्हणू नये.

अधिवेशन म्हटलं की अंबाबाईचं दर्शन आलंच. तिथे आणि स्टेजवरच्या दीपप्रज्वलनालाही "चप्पल-बूट काढा" असा आग्रह होतो. पायाला जुन्या पद्धतीचा लोखंडी कॅलिपर (आधाराचा सांगाडा) असेल तर तो बुटालाच जोडलेला असतो, बूट काढला की उभंच राहता येत नाही. सगळ्यांसमोर हटकू नका. दीपप्रज्वलनाला बुटासकट येऊ द्या, आणि दर्शनाच्या सहलीबद्दल आधी खासगीत विचारून ठेवा.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर

"सोय आहे का?" असं फोनवर विचारू नका. उत्तर "आहे की!" असंच येणार. गेटपासून हॉलपर्यंत पायऱ्या किती, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती इंच, जेवण कुठल्या मजल्यावर, असं आकड्यात विचारा. त्याहून बरं म्हणजे गेटवर उतरून हॉल, जेवण, स्वच्छतागृह असं चालत चालत काढलेला एक सलग व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. फोटो नको, फोटोत उंबरा येत नाही. व्हिडिओ काढणारा कुठे पाय उचलतो, तेवढं बघितलं की पुरे. परतीच्या रिक्षाचंही दुपारीच ठरवून ठेवा, समारोपाला सगळेच एकदम गेटवर येतात.