ॲनोडायझिंगचे विज्ञान: सुरुवात एका पट्टीपासून

ॲनोडायझिंग म्हणजे ॲसिडच्या द्रावणात वीज सोडून ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा थर वाढवणे; हा थर रंगही धरतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेल्या कारागिराला जॉब, म्हणजे कामाचा भाग, किती वेळ टाकीत ठेवायचा हे पाठ असते, परंतु एखाद्या दिवशी रंग का धरला नाही हे सांगता येत नाही. त्याचे उत्तर घड्याळापेक्षा अँपिअरमध्ये सापडते, म्हणून स्वतः शिकणाऱ्याने सुरुवात फॅरेडेच्या नियमापासून करावी: जितका विद्युतभार वाहतो, त्या प्रमाणात रासायनिक क्रिया घडते.

६०६३ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची १० सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद पातळ पट्टी घ्यावी. दोन्ही बाजू मिळून तिचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंमी, म्हणजेच १ चौरस डेसिमीटर होते आणि हिशेब तोंडी करता येतो. थराची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, काढण्यासाठी दर चौरस डेसिमीटरचा प्रवाह, मिनिटे आणि ०.३ यांचा गुणाकार करावा; १.५ अँपिअरने ३० मिनिटांत साधारण १३ मायक्रॉन थर मिळतो. तेवढ्या वेळात पट्टीचे सुमारे पाव ग्रॅम ॲल्युमिनियम खर्ची पडते. अर्थात हा थर वरून चढवलेला मुलामा नसून धातूचेच ऑक्साइड असते.

पट्टी डीसी वीजपुरवठ्याच्या धन टोकाला आणि शिशाचा पत्रा ऋण टोकाला जोडावा. टांगण्याची तार ॲल्युमिनियमचीच हवी आणि ती घट्ट आवळावी, कारण थर वीजरोधक असल्यामुळे तार जराशी सरकली तरी प्रवाह तुटतो. पट्टी आणि पत्रा ज्यात बुडवायचे त्या एक लिटर द्रावणासाठी ९८ टक्क्यांचे सुमारे १०० मिली सल्फ्युरिक ॲसिड लागते. चष्मा व हातमोजे घालून ॲसिडच पाण्यात हळूहळू ओतावे, उलट कधीही करू नये. शिशाजवळ हायड्रोजन निघतो, त्यामुळे जागा हवेशीर असावी आणि जवळपास वेल्डिंग चालू नसावे.

तापमान मात्र २० अंशांच्या आसपासच राखावे लागते, कारण ॲसिड एकीकडे थर वाढत असताना दुसरीकडे तो विरघळवतही असते. या विरघळण्यामुळेच रंग धरणारी सूक्ष्म छिद्रे तयार होतात. ऊन द्रावणात तेच प्रमाणाबाहेर जाते. एप्रिलच्या एका दुपारी मी बर्फाशिवाय काम केले, तेव्हा बोट फिरवताच खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागली. तेव्हापासून मी भांडे बर्फाच्या घमेल्यात ठेवतो. शिरोलीच्या फाउंड्रीतले असो वा कुठले, जास्त सिलिकॉनचे कास्टिंग मात्र थंड द्रावणातही राखाडीच निघते. तो दोष कारागिराचा नव्हे.

पट्टी धुऊन मल्टिमीटरच्या दोन्ही सुया तिच्यावर हलक्या टेकवाव्यात. थर बसला असेल तर प्रवाह जात नाही. त्यानंतर पट्टीचा अर्धा भागच अर्धा तास उकळत्या शुद्ध पाण्यात बुडवावा आणि ती सुकल्यावर दोन्ही भागांवर शाईचा एकेक थेंब टाकावा. पाच मिनिटांनी साबणाच्या पाण्याने पुसल्यास उकळलेल्या भागावरची शाई निघून जाते, कारण तेथील ऑक्साइड पाणी घेऊन फुगलेले असते आणि छिद्रांची तोंडे मिटलेली असतात; दुसऱ्या भागावर निळा डाग तसाच राहतो.