क्रिमिनल जस्टिसचे प्रमाणपत्र: कर्ज आणि कमाईचा हिशेब कसा मांडावा

अमेरिकेतील अनेक कम्युनिटी कॉलेजे आणि खाजगी संस्था क्रिमिनल जस्टिस (गुन्हे, पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांचा अभ्यास) या विषयात साधारण वर्षभराचे प्रमाणपत्र देतात, आणि त्यांच्या माहितीपत्रकावर बहुधा गणवेशातला हसरा अधिकारी झळकत असतो. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरात मुलीने ते पत्रक जेवणाच्या टेबलावर ठेवले की पहिली चौकशी फीची होते. ती चौकशी रास्तच आहे, परंतु तिचा क्रम दुसरा असावा. ज्या नोकरीसाठी हे शिकायचे, ती नोकरी हे प्रमाणपत्र मागते का, हे आधी विचारावे.

पोलीस किंवा तुरुंग खात्याच्या बाबतीत बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येते. या खात्यांना हायस्कूल उत्तीर्ण उमेदवार हवा असतो, काही ठिकाणी कॉलेजची ठरावीक क्रेडिटे लागतात, आणि त्यानंतर अकादमीचे प्रशिक्षण सक्तीचे असते. कॅलिफोर्नियात या मूलभूत प्रशिक्षणाची किमान मर्यादा ६६४ तासांची आहे. अनेक खाती उमेदवाराला आधी नोकरीत घेतात आणि पगार देऊन अकादमीत पाठवतात. कॉलेजच्या वर्गात मिळालेले प्रमाणपत्र आणि अकादमीचे प्रमाणपत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सगळ्या हिशेबाची गफलत इथूनच सुरू होते.

हिशेबासाठी शिक्षण खात्याचे ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ हे मोफत संकेतस्थळ उघडावे. त्याला २०१५ मध्ये नवे स्वरूप मिळाले. कॉलेजचे नाव शोधून अभ्यासक्रमांच्या यादीत शिरावे आणि पातळी ‘प्रमाणपत्र’ अशीच निवडावी, कारण घाईत पदवीच्या ओळीतला आकडा वाचला जाणे ही अगदी नेहमीची चूक आहे. तिथे दिसणारी कमाई हा मध्यक असतो, म्हणजे निम्मे विद्यार्थी त्याच्या वर आणि निम्मे खाली. तो करविवरणांच्या नोंदींवरून काढलेला असल्यामुळे कॉलेजच्या जाहिरातीपेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहे. तरीही त्यात फक्त फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, मदत घेतलेले, मोजणीच्या वेळी कमावते असलेले आणि पुढे शिकत नसलेले विद्यार्थीच धरलेले असतात. संख्या फार लहान असेल तर आकडा दाखवलाच जात नाही.

त्याहून महत्त्वाची अडचण वर्गीकरणाची आहे. अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गीकरणात ४३.०१ या एकाच सांकेतिक क्रमांकाखाली पोलीसशास्त्र, तुरुंग प्रशासन आणि खाजगी सुरक्षा असे सगळे एकत्र येते. कामगार खात्याच्या २०२३ च्या आकड्यांनुसार पोलीस आणि तपास अधिकाऱ्यांचा वार्षिक वेतनमध्यक सुमारे ७५ हजार डॉलर, तुरुंग रक्षकांचा सुमारे ५३ हजार आणि सुरक्षा रक्षकांचा ३७ ते ३८ हजार होता. एखाद्या कॉलेजचा मध्यक डोळ्यांत भरण्याइतका मोठा दिसला, तर ते कॉलेज पोलीस अकादमीही चालवते का ते पाहावे. तसे असेल तर तो आकडा कदाचित आधीच नोकरीत असलेल्या प्रशिक्षणार्थींचा असेल, आणि आपल्या मुलीच्या वाट्याला तो येईलच असे नाही.

कर्जाचा मध्यकही जपूनच वाचावा. तो फक्त फेडरल कर्ज घेतलेल्यांचा असतो. आईवडिलांच्या नावावरचे कर्ज त्यात मिसळलेले नसते आणि खाजगी बँकेचे कर्ज तर मोजलेलेच नसते. २०२५-२६ मध्ये पदवीपूर्व फेडरल कर्जाचा व्याजदर ६.३९ टक्के आहे. त्या दराने १०,००० डॉलर दहा वर्षांत फेडायचे झाले, तर महिन्याला सुमारे ११३ आणि एकूण साधारण १३,५६० डॉलर द्यावे लागतात. २०२३ च्या फेडरल नियमातील एक कसोटी अशी की कर्जाचे वार्षिक हप्ते कमाईच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. या मापाने १०,००० डॉलरचे कर्ज वर्षाला जेमतेम १७,००० डॉलर कमावणाऱ्यालाही चालते! एवढ्या पगारात अमेरिकेत घरभाडेही निघत नाही. त्यामुळे त्याच नियमातील दुसरी कसोटी मला जास्त उपयोगी वाटते: प्रमाणपत्रधारकाची कमाई त्याच राज्यातील २५ ते ३४ वयाच्या, फक्त हायस्कूल शिकलेल्या कामकऱ्यांपेक्षा जास्त आहे का?

कागदावर हे असे मांडावे. समजा, प्रमाणपत्रासाठी ८,००० डॉलर कर्ज झाले, त्यानंतरची कमाई वर्षाला ३४,००० आहे आणि हायस्कूलवाल्यांची ३३,०००. हप्ते वर्षाला सुमारे १,०८५ डॉलर, म्हणजे कमाईच्या ३.२ टक्के, पहिली कसोटी सहज पार. प्रत्यक्षात मात्र शिक्षणामुळे वाढलेले हजार डॉलर, तेही कर कापण्यापूर्वीचे, हप्त्यांनाच पुरत नाहीत. शिकताना बुडालेला वर्षभराचा पगार यात अजून धरलेलाच नाही.

आपल्याकडच्या कुटुंबांनी व्हिसाकडेही पाहावे. फेडरल कर्ज आणि पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची फेडरल मदत) नागरिकांना व ग्रीनकार्डधारकांना मिळते, एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असलेल्यांना मिळत नाही. फेडरल तपास यंत्रणांतील नोकऱ्यांना आणि अनेक राज्यांतील पोलीस भरतीला नागरिकत्व लागते. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून पोलिसांसाठी ती अट काढली आहे. जे पात्र आहेत त्यांनी फॅफ्सा हा फेडरल मदतीचा अर्ज भरून पेल ग्रँट किती मिळेल ते आधी काढावे, कारण तिची २०२५-२६ मधील कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे आणि स्वस्त कम्युनिटी कॉलेजात तेवढ्यावर फी भागून कर्जाची वेळच येत नाही.

सरकारी नोकरीत कर्ज माफ होते, हा युक्तिवादही प्रवेश कार्यालयात ऐकू येतो. ती माफी १२० हप्ते भरल्यावर मिळते, आणि दहा वर्षांच्या नेहमीच्या परतफेडीत १२० हप्त्यांनंतर माफ करायला काही उरतच नाही. उलट थकलेले कर्ज भरतीच्या वेळी नडते, कारण पोलीस खाती उमेदवाराची आर्थिक पार्श्वभूमी तपासतात.

सही करण्यापूर्वी दोन ठिकाणी विचारणा करावी. ज्या खात्यात जायचे त्याच्या भरती अधिकाऱ्याला फोन करून हे प्रमाणपत्र निवडीत किंवा पगारात काही फरक पाडते का, असे विचारावे. कॉलेजला ही क्रेडिटे पुढे दोन वर्षांच्या असोसिएट पदवीत पूर्णपणे धरली जातील का, ते लेखी मागावे. लेखी होकार मिळाला आणि फी ग्रँटमधून किंवा मालकाच्या शिक्षण भत्त्यातून निघत असेल, तर प्रमाणपत्र घ्यायला माझी हरकत नाही. तुरुंग खात्यात आधीच नोकरी करणाऱ्याला बढतीसाठी त्याचा खरा उपयोग होऊ शकतो.